दूधमुलगा

जेद्द्याच्या शराफिया पेठेतल्या त्या गल्लीत इब्राहीमच्या भांड्यांच्या दुकानाला पाटीवरच्या नावाने कुणी ओळखत नसे. पाटी शेखांच्या नावाची होती, सोनेरी अरबी अक्षरांची. लोक मात्र म्हणायचे, ‘दूधवाल्यांकडे जा, पातेली तिथे बरी मिळतात.’ जेद्द्यात नवीन आलेला एखादा कोकणी पोरगा विचारायचा की भांडी विकणाऱ्याला दूधवाला का म्हणतात. मग कुणीतरी सांगायचं, की इब्राहीमच्या बायकोने शेखांच्या मुलाला पाजलं आहे. ऐकणारा दुकानाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचा. भाव करताना आवाजही खाली आणायचा.

शरफुन्निसाला हे सगळं माहीत होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडतही होतं.

ती रत्नागिरीकडची, खाडीच्या काठच्या एका लहान गावातली. तिचा बाप खोताचं कूळ. खोतही त्यांच्याच जमातीतला, एकाच मशिदीत नमाज पढणारा, पण पहिल्या रांगेतली त्याची जागा ठरलेली आणि तिच्या बापाची शेवटच्या रांगेतली. खोताला गावातली सगळी पोरं मामू म्हणत. मामूच्या घरी लग्न निघालं की कुळांच्या बायका आठ दिवस आधीपासून दळायला जात, आणि वाढायला बसत तेव्हा त्यांचं पान मागच्या पडवीत असे. तिची आई म्हणायची, ‘खोताची माया म्हणजे ओहोटीचं पाणी गो. पाय भिजतात, घागर भरत नाही.’ शरफुन्निसा ते ऐकत मोठी झाली. पण अरबस्तानात आल्यावर तिला वाटलं, आईने एकच खोत बघितला होता, तिला दुनिया काय माहीत.

इब्राहीम शेखांचा ड्रायव्हर म्हणून आला आणि वर्षभराने त्याने बायकोला आणलं, घरकामाला. फाटकाच्या आत डाव्या हाताला एक खोली होती, पाण्याच्या टाकीला लागून. त्या खोलीत त्यांचा संसार. झयान त्यांचा पहिला मुलगा, जेद्द्यातच जन्मला. तो दीड महिन्याचा असताना वरच्या मोठ्या घरात चार मुलींच्या पाठीवर मुलगा झाला. उसामा. शेखांनी उंट कापले. पण बाळाच्या आईला बाळंतपणाचा ताप चढला, तिला इस्पितळातच ठेवून घेतलं, आणि पोर बाटली तोंडात धरेना. रडून रडून त्याचा आवाज बसला.

एका दुपारी शेखांची आई स्वतः फाटकापाशी आली. ती म्हातारी नोकरांच्या खोलीकडे कधी फिरकली नव्हती. तेव्हाही ती उंबऱ्याच्या आत आली नाही. शरफुन्निसा दारातच झयानला पाजत बसली होती. म्हातारीने वाकून तिच्या मांडीवर दुसरं पोर ठेवलं आणि म्हणाली, ‘आधी हा.’

झयानला बाजूला काढावं लागलं. तो रडला. उसामा मात्र जो लागला तो सुटेचना. शरफुन्निसाच्या डोळ्यांना पाणी आलं. कशाचं, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पुढे कित्येक महिने तसंच चाललं. उसामाच्या आईचा ताप उतरला, ती घरी आली, पण तिचं दूध गेलं होतं. घरात नेम ठरला होता. आधी तो, मग झयान. म्हातारीने तिला रोज खजूर, मेथीची खीर, बकरीचं सूप पाठवलं, आणि ते तिच्या अंगाला लागलंही. उसामा गुबगुबीत झाला. झयानचे हात मात्र काटकुळेच राहिले. रात्री तो स्वतःचा अंगठा चोखत झोपायचा, शहाण्यासारखा.

धर्माने पाहिलं तर पाजणारी बाई ही आईच. आमच्या कोकण्यांतही तसंच आणि शेखांच्या घरातही तसंच. त्या बाबतीत राजाला आणि रंकाला वेगळा कायदा नाही. दूध सुटल्यावर शेखांनी इब्राहीमला आपल्या बैठकीत बोलावलं. नात्यागोत्यातले पुरुष ओळीने बसले होते, कहवा फिरत होता. सगळ्यांदेखत ते म्हणाले, की हे दोघे मुलगे आजपासून भाऊ. ह्याची बायको माझ्या मुलाची आई. तिने त्याच्यासमोर तोंड झाकायची गरज नाही, तो म्हातारा झाला तरी. इब्राहीम धावतच खोलीवर परत आला. तो तिला म्हणाला, आता आपण ह्या घरचे.

काही वर्षांनी शेखांनी शराफियातलं दुकान त्याच्या हाती दिलं, आणि फाटकाजवळची खोली सोडून हे तिघं दुकानाजवळ भाड्याने राहायला गेले. ‘चालव,’ म्हणाले, ‘तुझंच समज.’ नाव शेखांचं, परवाना शेखांचा, मेहनत ह्यांची. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तेव्हा अर्धं जेद्दा तसंच चालायचं.

उसामा लहानपणी सुट्टीच्या दिवशी दुकानात यायचा, झयानबरोबर पातेल्यांच्या उतरंडीत लपाछपी खेळायचा. शरफुन्निसाच्या हातची सांदणं त्याला फार आवडत. तो तिला ‘यम्मा’ म्हणायचा, झयान ‘अम्मा’ म्हणायचा, आणि दोन्ही हाका आल्या की ती आधी कुणाकडे बघायची, ते बघणाऱ्याला कळत असे. तिला कळत नसे.

मग नितकात कायद्याचं वर्ष आलं. ज्याने त्याने आपापल्या कफीलाकडेच, म्हणजे ज्याच्या नावावर देशात राहतो त्या मालकाकडेच काम करायचं, देशी माणसांचा टक्का भरायचा, नाहीतर बाहेर. सरकारने काही महिन्यांची मोकळीक दिली होती. तेवढ्या काळात कुणालाही जुन्या कफीलाला न विचारता दुसऱ्याच्या नावावर जाता येत होतं. इंडियातले, बंगालचे, येमेनचे, सगळे रांगा लावून आपापले इकामे, राहण्याचे परवाने, सरळ करून घेत होते.

यान्बूच्या रिफायनरीत पाइप फिटर असलेला बाळाराम त्या दिवसांत जुम्म्याला जेवायला आला होता. तो गुहागरकडचा, इब्राहीमशी पंचवीस वर्षांची दोस्ती. त्याने स्वतःचं काम केव्हाच उरकलं होतं. पानावर बसल्या बसल्या तो इब्राहीमच्या मागे लागला, की शेख आता थकलेत, त्यांच्या मागे काय होईल कुणी सांगावं, झयानचं तरी नाव एखाद्या कंपनीवर टाकून घ्या.

इब्राहीम हसला. ‘बाळाराम, तुझा कफील तो कफील. आमचा घरचा आहे.’

‘घरचे आहात ते कबूल,’ बाळाराम म्हणाला. ‘पण गोठ्यातल्या गाईलासुद्धा घरचीच म्हणतात, भाबी.’

झयानला हसू आलं. शरफुन्निसाला ते लागलं. तिने त्या दिवशी बाळारामला दुसऱ्यांदा भात घे म्हटलं नाही. तोही समजला, हात धुऊन लवकर निघाला. मोकळीक संपली, रांगा संपल्या, आणि ही मंडळी जिथल्या तिथे राहिली. दूधमुलगा असताना रांगेत उभं राहायचं म्हणजे त्या घराचा अपमान, असंच त्या दोघांना वाटत होतं.

पुढल्या वर्षी थोरले शेख गेले. उसामा सगळं बघायला लागला. तो परदेशातून शिकून आला होता, काचेच्या इमारतीत बसायचा, त्याच्या हाताखाली कारकून आणि व्यवस्थापक होते. वागायला मात्र तो कधी वाईट नव्हता. ईदेला घरी येऊन शरफुन्निसाच्या डोक्याचं चुंबन घ्यायचा, जसं तिकडचे मुलगे आईचं घेतात. झयानची मुलगी सहर इंडियन स्कूलमधून शिकलेलं इंग्लिश त्याच्याशी बोलायची, त्याला गंमत वाटायची.

आणि मग भांड्यांच्या दुकानांवर पाळी आली. कपड्यांची, फर्निचरची, भांड्यांची, सगळी दुकानं आता देशी माणसांनी चालवायची. आधी उसामाने दोन देशी पोरं पाठवली. ती गल्ल्यावर बसून मोबाइल बघत, आणि झयान आतल्या गोदामातून हळूच भाव सांगे. तपासणीवाले आले की तो मागच्या दाराने निघून जाई. ज्या दुकानात तो लहानाचा मोठा झाला त्यातून तो चोरासारखा पळत होता. दोन-तीन महिन्यांत तेही परवडेना. उसामाने दुकान बंद करून जागा कॉफीवाल्याला दिली. इब्राहीमने एकेक पातेलं पेपरात गुंडाळून घाऊकवाल्याकडे पोचवलं. तक्रार करणं त्याला शोभलं नसतं. दुकान त्याचं होतंच कधी.

झयानने हातपाय मारले. रस्त्याने दीड-दोन तासांवर, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत बंदराजवळच्या एका गोदामात त्याला नोकरी मिळाली. नवी कंपनी त्याचा इकामा आपल्या नावावर घ्यायला तयार होती. फक्त उसामाने सोडलं पाहिजे. झयान जुम्म्याच्या नमाजानंतर उसामाच्या बैठकीत गेला. उसामाने स्वतः उठून त्याला कहवा ओतून दिला, सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘खलास, झालंच समज. जा तू, काम सुरू कर.’

झयान आनंदात घरी आला. शरफुन्निसाने जेवण वाढता वाढता विचारलं, की काही कागद दिला का.

‘अम्मा, भावाकडे कागद मागू?’ तो म्हणाला.

तिला त्या उत्तराचा अभिमान वाटला. आपण पोराला चांगलं वळण लावलं, असं तिच्या मनात आलं.

महिना भरायच्या आत रस्त्यावरच्या चौकीवर झयानची गाडी थांबवली. शिपायाने इकाम्याचा नंबर यंत्रात घातला आणि त्याला खाली उतरायला सांगितलं. यंत्रात लिहिलं होतं, हुरूब. म्हणजे मालकाला सोडून पळालेला. पळालेल्याला तिथे नोकरी नाही, सुटका नाही. त्याला तरहीलमध्ये टाकतात, शहराबाहेरच्या त्या कोंडवाड्यात, आणि तिथून विमानात बसवतात. मग तो त्या देशात पुन्हा पाऊल ठेवू शकत नाही. झयानला दुसरा देश ठाऊकच नव्हता. लग्नापुरता आणि दोन-चार सुट्ट्यांत तो गावी गेला होता, तेवढाच.

ज्याने हुरूब लावला तोच तो काढू शकतो, तेही थोड्या दिवसांत. ते दिवस निघून गेले की मग कुणाच्याच हातात काही नाही.

इब्राहीम रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा थोब घालून उसामाच्या ऑफिसात जायचा. खालच्या दिवाणखान्यात गार हवेत दिवसभर बसायचा. कधी शेख मीटिंगमध्ये आहेत म्हणत, कधी रियाधला गेलेत. व्यवस्थापकाने दोनदा त्याला चहा पाजला. संध्याकाळी तो परत यायचा आणि सून सादिया काही विचारायच्या आत म्हणायचा, उद्या नक्की. आपण वाट वाकडी करायची नाही, आवाज चढवायचा नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नाही.

एके दिवशी झयानचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून, बारीक आवाजात. आत एका खोलीत पन्नास-साठ माणसं होती, झोपायला पाळी लावावी लागत होती. सहरला काय सांगितलं, ते त्याने विचारलं. मग म्हणाला, ‘अम्मा, तू उसामाला सांग. बाबांचं काम नाही ते. तुझं ऐकेल तो.’

तिने इब्राहीमला विचारलं नाही. तांदूळ भिजत घातले, नारळ खवला, आणि सांदणं केली. मोठ्यांच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही गावची सवय तिच्या हाडात मुरली होती. सादियाने टॅक्सी बोलावली.

मोठ्या घरात बायकांच्या बैठकीत त्या दिवशी पाहुण्या होत्या. उसामाची आई गुडघेदुखीमुळे आता उंच खुर्चीतच बसायची, हातात पोवळ्यांची माळ. तिने शरफुन्निसाला जवळ बसवून घेतलं, तब्येत विचारली, डबा हातात घेऊन मोलकरणीकडे दिला. एका पाहुणीने ही कोण म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, की ही आमच्याकडे पुष्कळ वर्षं कामाला होती, फार इमानी बाई.

तीस वर्षांत उसामाची आई तिच्याशी कधी उणं बोलली नव्हती. पण आपल्या मुलाने दुसऱ्या बाईच्या छातीशी डोळे मिटले, हे तिने कधी पोटात घातलंही नव्हतं. शरफुन्निसाला ते आत्ता कळलं. तिने कहवा घेतला आणि उसामाला भेटायचं आहे म्हणाली.

तो बाजूच्या खोलीत आला. वाकून तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं. तिने पदर सरळ केला आणि तोडक्यामोडक्या अरबीत सगळं सांगितलं. तू खलास म्हणालास म्हणून तो गेला. पळाला नाही. तुझा शब्द घेऊन गेला.

उसामा खरोखर दचकला. त्याला झयान कोंडवाड्यात आहे हे ठाऊक नव्हतं. त्याने तिच्यासमोरच व्यवस्थापकाला फोन लावला आणि चढ्या आवाजात बोलला. मग तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा आवाज खाली आला, आणि फोन ठेवला तेव्हा तो खिडकीकडे बघत होता.

त्याने तिला समजावलं, हळू, जसं म्हाताऱ्या माणसाला समजावतात. कंपनीत परदेशी माणसं किती आणि देशी किती, ह्याचा हिशेब सरकारच्या यंत्रात रोज होतो. परदेशी जास्त झाले की कंपनी लाल रंगात जाते. लाल झाली की कुणाचाच इकामा वाढत नाही, सगळं ठप्प. त्या महिन्यात काही नावं कमी करणं भाग होतं. रीतीने सोडायला वेळ लागतो, हुरूब लावला की नाव त्याच दिवशी उतरतं. झयान तसाही निघालाच होता, म्हणून व्यवस्थापकाने त्याचंही नाव त्यात घातलं. ‘सही माझीच आहे,’ उसामा म्हणाला. ‘माझ्यापुढे गठ्ठा येतो. मी वाचलं नाही.’

‘मग आता वाच आणि काढ,’ ती म्हणाली.

‘काढलं तर त्याचं नाव परत चढतं. आत्ता एक नावसुद्धा चढवता येत नाही, यम्मा.’

‘तो तुझा भाऊ आहे.’

तो तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, की झयानला बेड्या घालणार नाहीत ह्याची व्यवस्था तो करेल. विमानात नीट जागा मिळेल. आणि तुम्ही दोघं कुठेही जाऊ नका, फाटकाजवळची खोली तुमचीच आहे, मी रंग लावून घेतो, वातानुकूल यंत्र नवीन बसवतो. मरेपर्यंत राहा. तुम्हाला कोण हलवणार? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

तिच्याकडे आता एकच गोष्ट उरली होती. ती कधी काढावी लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

‘आमच्याकडे,’ ती म्हणाली, ‘मुलगा लग्नाला निघाला की आईपुढे बसतो आणि म्हणतो, दूध बक्ष. आई मरायला टेकली तरी म्हणतो. आई तोंडाने म्हणते, बक्षलं, तेव्हा तो सुटतो. नाही म्हणाली तर खुदापुढे त्याला उत्तर द्यावं लागतं. झयानने मागितलं होतं, मी दिलं. तू कधी मागितलं नाहीस. मी तुझं दूध बक्षलेलं नाही, उसामा. झयानला सोडवलं नाहीस तर बक्षणार नाही.’

त्याचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा झाला. मग तो हळूहळू पुन्हा शेख झाला.

‘आमच्याकडे असं काही नाही,’ तो म्हणाला. ‘किताबात आहे ते वेगळं आहे. पाजणाऱ्या बाईला तिची मजुरी द्या, असं आहे. माझ्या बापाने ती दिली.’

‘कधी दिली?’

‘दुकान,’ उसामा म्हणाला. ‘दुकान कशाचं होतं, तुला काय वाटलं?’

ती उठली. पंचवीस वर्षं ती ज्याला प्रेम समजत होती, ते दुसऱ्या घरात मजुरी म्हणून चुकतं झालं होतं, आणि तिच्याखेरीज ते बहुतेक सगळ्यांना ठाऊक होतं. कदाचित इब्राहीमलासुद्धा. तिने त्याला विचारायचं ठरवलं आणि मग विचारलं नाही.

घरी येऊन तिने दुधाचं सांगितलं तेव्हा इब्राहीमने आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उगारला. मारलं नाही. शेखाच्या पोराला शाप देऊन आलीस, म्हणाला. उद्या आपल्याला रस्त्यावर काढलं तर? ती म्हणाली, काढू दे. सादिया आतल्या खोलीत सहरचे कान झाकून बसली होती.

मुदतीचे दिवस संपले. झयानला विमानात बसवलं. उसामाने शब्द पाळला; बेड्या घातल्या नाहीत. गावी पोचल्यावर झयानने फोन केला. चुलत्याने त्याला पडवीत खाट दिली होती. दुसऱ्या दिवशी म्हणाला, इथे सगळे मला पाहुण्यासारखं चहा देतात. आठवड्याने म्हणाला, आता चहा देत नाहीत. मग तो फोनवर फक्त सहरशी बोलायला लागला, आणि ती त्याला इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची, कारण शाळेत तसंच चालायचं. शाळाही आता थोड्याच दिवसांची होती. झयानचा इकामा गेला तसा सादियाचा आणि सहरचाही गेला. त्यांना निघायलाच हवं होतं. शरफुन्निसाने त्याच रात्री इब्राहीमला सांगितलं, की मी त्यांच्याबरोबर जाणार. खोलीत राहायचं असेल तर तुम्ही राहा.

दोन दिवसांनी इब्राहीमने एकट्यानेच कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

पण जायचं म्हटलं तरी आपल्या मनाने जाता येत नाही. मुक्काम हलवायचा तरी कफीलाची मंजुरी लागते, आणि ती आता कागदावर नसते. ती त्याच्या मोबाइलमध्ये असते. एक बटण दाबलं की चौघांना विमानतळाचं दार उघडतं. इब्राहीमने ऑफिसात निरोप ठेवला. उत्तर आलं, यम्माला घेऊन घरी ये.

ह्या वेळी पाहुणे नव्हते. उसामा एकटाच बैठकीत बसला होता. तो बारीक दिसत होता. इब्राहीम आत शिरताच वाकला आणि त्याने झयानला बेड्या पडू दिल्या नाहीत म्हणून आभार मानले, दोनदा, तीनदा. उसामाने त्याला हाताने थांबवलं आणि बसायला सांगितलं. तो शरफुन्निसाकडे बघत होता.

‘मी मौलवींना विचारलं,’ तो म्हणाला. ‘असं काही नसतं म्हणाले. अडाणी लोकांच्या समजुती आहेत म्हणाले.’

‘मग झालं,’ ती म्हणाली.

‘हो. झालं.’ त्याने मोबाइल उचलला, पडद्यावर बोट फिरवलं, आणि बोट तसंच ठेवून थांबला. ‘तरी तू तोंडाने म्हण. मला ऐकू दे.’

तो धमकी देत नव्हता. देत असता तर तिला सोपं गेलं असतं. तो खरोखर मागत होता, एखाद्या मुलाने मागावं तसं, आणि त्याच वेळी त्याच्या बोटाखाली सादिया होती, सहर होती, म्हातारा इब्राहीम होता. त्याला दोन्ही एकदम कळत नव्हतं. मोठ्या घरातल्या माणसांना तसं कळायची कधी गरज पडलेली नसते.

इब्राहीमने तिच्याकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तिला तो कोंडवाडा डोळ्यांपुढे आला, पाळी लावून झोपणारी माणसं, आणि त्यांच्यात भिंतीला टेकून उभा असलेला आपला मुलगा. त्याच्यासाठी जे हत्यार काढलं ते त्याच्या कामी आलं नव्हतं. आता ते त्याच्या बायको-मुलीच्या कामी येत असेल तर ठेवून काय करायचं.

‘बक्षलं,’ ती म्हणाली, आपल्या बोलीत.

‘अरबीत म्हण. मला समजलं पाहिजे.’

अरबीत त्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. कदाचित शब्दच नसेल. तिने जवळचा शोधला. ‘मी तुला माफ केलं,’ ती म्हणाली. ‘तुझ्यावर माझं काही नाही.’

उसामाने मोठा श्वास सोडला आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. तो उठून तिच्या डोक्याचं चुंबन घ्यायला आला आणि तिने डोकं पुढे केलं. इब्राहीमच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तो म्हणत होता की काही झालं तरी रक्त-दुधाचं नातं तुटत नाही, आणि तो ते मनापासून म्हणत होता.

निघताना आतून निरोप आला, की कहवा घेतल्याशिवाय जायचं नाही. शरफुन्निसा बायकांच्या बाजूला गेली. उसामाची आई खुर्चीत डुलक्या घेत होती. मोलकरणीने लहान पेला भरून दिला. तिने तो प्यायला. मोलकरीण दुसऱ्यांदा ओतायला वाकली, तेव्हा तिने तिथल्या रीतीने पेला बोटांत धरून दोनदा हलवला, म्हणजे आता पुरे. मोलकरणीने पेला घेतला आणि दुसऱ्यांच्या पेल्यांत ठेवला.